ओव्हाळबाईंचं बक्षीसपत्र

ओव्हाळबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाण्याच्या टँकरवर. टँकरच्या मागच्या पायरीवर एक पाय, चाकावर दुसरा, पदर कमरेला खोचलेला आणि चष्मा दोऱ्यानं मानेत अडकवलेला. खाली घागरी-कळशा घेऊन अख्ख्या गावातल्या बायका. बाई एकेकीला पुकारत होत्या, पण बायकांच्या नावानं नव्हे, त्यांच्या पोरांच्या. "चौथीतल्या दत्तूची आई. तिसरीतल्या शकीलची आई. पहिलीतल्या सुमीची आई, पुढं या." ज्यांची पोरं शाळेत येत नव्हती त्या साहजिकच मागं राहिल्या. त्यातली एक चिडून म्हणाली, "आमचं पोरगं शाळेत न्हाय म्हणून आमी तहानेनं मरावं का?"

"मरू नको," बाई वरूनच म्हणाल्या. "आज पाणी घिऊन जा, उद्या पोरगं घिऊन ये."

दुसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गात बसायला जागा उरली नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचा तो शेवटचा उन्हाळा. माझी ती पहिलीच नोकरी. भूमपासून दोन कोसांवरचं गाव, दोन खोल्यांची शाळा, शिक्षक आम्ही दोघंच. मुख्याध्यापक म्हणजे बाईच. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, चालताना डावा हात जोरात हलवणाऱ्या. वर्गाच्या उंबऱ्यावर त्यांची भाषा बदलायची. आत पुस्तकातलं स्वच्छ मराठी, बाहेर पाय टाकला की "लई ऊन पडलं बगा". हसणं मात्र आत-बाहेर सारखंच. त्या स्वतः विनोद सांगायच्या तेव्हा विनोद संपायच्या आधीच त्यांना हसू फुटायचं आणि पुढचं काही ऐकू यायचं नाही. वर्षानुवर्षं मी त्यांच्याबरोबर हसलो, पण त्यांच्या बहुतेक विनोदांचा शेवट मला आजही माहीत नाही.

त्यांचं एक वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं. "आधी बसू, मग भांडू." बांधावरून दोन भाऊ हातघाईवर आले, टँकरपाशी दोन बायकांनी एकमेकींचे केस धरले, की कुणीतरी बाईंना बोलवायला धावायचं. बाई यायच्या, दोघांच्या मध्ये सरळ जमिनीवर बसायच्या आणि दोघांनाही हाताला धरून खाली ओढायच्या. बसलेल्या माणसाला फार वेळ ओरडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरंचसं खरं निघायचं. मांडी घालून, तोंडाशी तोंड आणून शिव्या देणं अवघड असतं. थोड्या वेळात माणसं शिव्यांवरून कारणांवर यायची.

गाव त्यांचं माहेरच होतं, जुन्या माणसांना त्या अजून नुसती शेवंताच. वडील सखाराम त्या गावचे. बाई लहान असताना एका वाईट सालात ते बायको-पोरीला घेऊन बार्शीला गिरणीत कामाला गेले आणि परत आलेच नाहीत. बाई बार्शीतच वाढल्या, शिकल्या, छप्पन सालानंतर घरासोबत बौद्ध झाल्या, मास्तरीण झाल्या आणि बदली मागून गावात आल्या. त्यांचे मिस्टर भूमला पोस्टात होते. अतिशय कमी बोलणारे गृहस्थ. बहुधा घरातलं बोलणं कुणी करायचं हे लग्नातच ठरलं असावं. मूलबाळ नव्हतं.

सखारामची गावात थोडी जमीन होती. ओढ्याच्या अलीकडं, बोरीचं शेत म्हणायचे तिला. जाताना सखारामनं ती शेजारच्या शेतवाल्यांना, म्हणजे आप्पांच्या वडिलांना सांगितली होती, "म्या येईस्तोवर तुमी बगा." ते बघत राहिले. ते गेले, मग आप्पा बघू लागले. कागदावर जमीन सखारामच्या आणि त्याच्यामागं बाईंच्या नावावर आली. नांगर मात्र आप्पांचाच चालायचा. आप्पा गावातलं वजनदार मराठा माणूस. उंच, पिळदार मिशांचे, पांढराशुभ्र फेटा बांधणारे, कमी हसणारे. दुष्ट नव्हते. इतकी वर्षं कसलेली जमीन आपली नाही ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच राहिली नव्हती, एवढंच.

बाईंनीही त्या जमिनीचा विषय कधी काढला नव्हता. तो निघाला तो तलावामुळं.

दुष्काळी कामावर गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव बांधला गेला. त्या बांधावर माती वाहणाऱ्या बायकांत कौसल्या होती. बाईंच्या चुलतभावाची बायको. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी, नावावर मातीचं ढेकूळ नाही. दोन पावसाळ्यांत तलाव भरला आणि गावातल्या शेतकऱ्यांनी तलावाचं पाणी उपसून शेतात न्यायला सहकारी संस्था काढायची ठरवली. सभासद कोण, तर ज्याच्या नावावर जमीन तो. बैठक शाळेतच झाली. आम्ही दोघं दाराशी उभे होतो. कौसल्या बाहेर पायरीवर बसली होती. बैठक उठल्यावर ती बाईंना म्हणाली, "आक्का, तलाव आमी खांदला अन् पाणी सगळं ह्यांचंच व्हय?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शेंगा खाता खाता बाई म्हणाल्या, "बोरीचं शेत कौसल्याला बक्षीस देऊन टाकते."

मी म्हटलं, "बाई, पण ते तुमच्याकडं आहे कुठं? ताबा तर आप्पांचा."

"नाव माझं आहे ना? मग माझ्याकडं आहे ते मी देईन. आप्पांकडं आहे ते आप्पा देतील."

"ते का देतील?"

"ते त्यांना विचारायला पाहिजे," असं म्हणून त्यांनी टरफलं झटकली.

तलाठ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. ताबा नसलेली जमीन बक्षीस देणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली होती. बाईही त्याच्याबरोबर हसल्या. घरी मिस्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "मला टपाल वाटायचं कळतं, जमीन नाही. तुझं तू ठरव." माझ्या माहितीत त्यांनी एका दमात बोललेलं ते सगळ्यात मोठं वाक्य.

एका रविवारी बाई मला घेऊन आप्पांच्या घरी गेल्या. अंगणात आप्पा बाजेवर, मी बाजेच्या कडेला. बाईंना कुणी बसा म्हटलं नाही, तेव्हा त्या कडब्याच्या पेंढीवर बसल्या. आप्पांच्या पत्नी रुक्मिणीकाकूंनी चहा आणला. आम्हाला बशीतले कप, आणि बाईंसाठी कोनाड्यात वेगळा ठेवलेला, कान तुटलेला एक कप. बाईंनी तो हातात घेतला, लगेच खाली ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "काकू, ह्यो धरायला लई भाजतोय. कानाचा द्या एखादा."

काकूंनी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. मग काकू आत गेल्या आणि कानाचा कप घेऊन आल्या. बाईंनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "आता बोलू. आप्पा, बोरीचं शेत म्या कौसल्याला बक्षीस देतेय. दस्ताला दोन साक्षीदार लागतात. एक हे गुरुजी. दुसरे तुमी."

आप्पांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते बाजेवरून उठले. "शेवंता, जिमीन म्या कसतोय अन् साक्षीदार बी मीच?"

"मग अजून कोण? त्या जिमिनीला तुमच्याइतकं कोण वळखतं?"

"सही केली म्हंजे जिमीन माझी न्हाय असं कबूलच केल्यासारखं झालं की."

"व्हय, झालंच. ते आधीच सांगून ठिवते. फसवून सही घ्यायची न्हाय मला."

आप्पा म्हणाले, कोर्टात जा. बाई म्हणाल्या, "जाता येईल हो. पण कोर्टात गेलं की तुमी माझ्याशी बोलायचं बंद करणार. अन् तुमची नातवंडं तर माझ्याच वर्गात हायत. त्यांच्या अभ्यासाचं मग कुणाशी बोलू?" आणि खरोखरच पुढचा अर्धा तास त्या नातवाच्या पाढ्यांविषयी बोलत बसल्या. आप्पांना राग आवरून तेराचा पाढा कुठं अडतो हे ऐकून घ्यावं लागलं.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर बाईंनी आप्पांना साक्षीला बोलावणं सोडलं नाही. वाटेत भेटले की रामराम, आणि रामरामच्या पाठोपाठ, "आप्पा, कधी जायचं भूमला?" बाजारात, लग्नाच्या मांडवात, एसटीत. एकदा आप्पा दाढी करायला बसले होते, तोंडाला साबण, नाभिकाचा वस्तरा गळ्याशी. बाईंनी तिथं विचारलं. आप्पांना मान हलवून नाही म्हणायचीही सोय नव्हती. गावाला या प्रकाराची मजा वाटू लागली. लोकच आप्पांना विचारायला लागले, काय आप्पा, कधी जायचं भूमला. आप्पा चिडायचे, पण मला वाटतं त्या चिडण्यातली धार दिवसेंदिवस कमी होत होती.

मधे आप्पाच एकदा शाळेत आले. संस्थेची पाइपलाइन नेमकी बोरीच्या शेतापर्यंत येणार होती. पण ज्याचं नाव त्याला पाणी, त्यामुळं आप्पांना तिथून पाणी घेता येणार नव्हतं. खालचं त्यांचं स्वतःचं शेतही कोरडंच राहणार होतं, कारण पाण्याची चारी बोरीच्या शेतातूनच जाणार आणि तिला बाईंची परवानगी लागणार. आप्पा म्हणाले, "शेवंता, तू ती जिमीन मला विकून टाक. भाव तू सांगशील तो."

"विकायची न्हाय आप्पा. द्यायची हाय."

"कौसल्याला फुकट देतीस, मग मलाच दे की."

"तुमाला कशाला देऊ? तुमच्याकडं तर आधीपासूनच हाय." एवढं बोलून बाईंना जे हसू फुटलं ते थांबेना. आप्पा फेटा सावरत निघाले, पण फाटकापाशी त्यांचेही खांदे हलताना मला दिसले.

उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर बाईंनी दिवस ठरवला आणि गावात सांगितलं, सोमवारी भूमच्या कचेरीत दस्त होणार, आप्पा साक्षीला येणार. आप्पांनी तसं कधीच कबूल केलं नव्हतं. मी त्यांना हे बजावलं. त्या म्हणाल्या, "गुरुजी, त्यांनी न्हाय म्हटलंय, पण येणार न्हाय असं कुठं म्हटलंय?"

सोमवारी पहिल्या एसटीनं बाई, कौसल्या आणि मी भूमला पोचलो. कौसल्यानं लग्नातलं लुगडं नेसलं होतं. दस्त लिहून झाला. लिहिणारा म्हणाला, दुसरा साक्षीदार कुठंय. बाई म्हणाल्या, येतोय. दुपार झाली. लिहिणारा म्हणाला, "अहो बाई, साक्षीदार काय, बाहेर चहाच्या टपरीवर उभा असलेला कोणीही चालतो. आणू का एखादा?"

"न्हाय. आमचा ठरलेला हाय."

ऊन उतरायला लागलं तसा माझा धीर सुटत चालला. कौसल्या भिंतीला टेकून बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. हळूच म्हणाली, "आक्का, ऱ्हाऊ द्या. न्हाय मिळालं तर न्हाय." तेव्हा मी बाईंचा चेहरा पाहिला. हसू अजिबात नव्हतं. रस्त्याकडं डोळे लावून त्या बसल्या होत्या आणि चष्म्याच्या दोऱ्याला इतक्या घट्ट पीळ देत होत्या की तो तुटेल असं वाटलं. वर्षभर ज्या थट्टेत आम्ही सगळे सामील होतो, ती त्यांच्यासाठी कधीच थट्टा नव्हती, हे मला त्या व्हरांड्यात कळलं.

कचेरीचा शिपाई खिडक्या लावायला लागला आणि रस्त्यावर घुंगरांचा आवाज आला. आप्पांची बैलगाडी. पुढं आप्पा, घामानं भिजलेले, फेटा विस्कटलेला. मागं गोधडीवर त्यांची म्हातारी आई, भागीरथीआजी. दिसायचं कमी झालेलं, कान मात्र शाबूत.

आप्पा खाली उतरले आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, "सकाळधरनं हिनं भाकर खाल्ली न्हाय. म्हणती, तू जात नसशील तर मला गाडीत घाल, म्या अंगठा देते."

आजींना आम्ही धरून व्हरांड्यात आणलं. त्यांनी बाईंचा चेहरा हातानं चाचपला. "सखारामची पोर व्हय तू? तुझा बाप बार्शीला निघाला तवा म्या त्याला भाकरी बांधून दिल्या हुत्या. 'येतो काकी' म्हणून गेला. न आलेल्या माणसाचं आपण ठिवून घेतलं, पर ते ठिवलेलंच हाय, आपलं न्हाय. ह्याला किती येळा सांगितलं." आणि आप्पांकडं हात करून म्हणाल्या, "ह्यो ऐकतच न्हाय कुणाचं, बापावाणी."

आप्पांनी सही केली. मी केली. आजी म्हणाल्या, माझा अंगठा राहिला. लिहिणारा समजावू लागला की दोनच साक्षीदार लागतात. बाई म्हणाल्या, "लागतात दोन, तिसरा घेऊ नका असं कुठं लिहिलंय?" तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. शिपायानं लावलेली खिडकी पुन्हा उघडली आणि आजींचा अंगठा त्या दस्तावर उमटला. शाई पुसायला त्यांनी आप्पांचाच फेटा ओढला.

परत येताना आम्ही सगळे त्या एकाच गाडीत होतो. आप्पा बैलांना हाकत म्हणाले, "सही केली, पर शेत अजून माझ्याच ताब्यात हाय, हे ध्यानात ठिवा."

"ठिवलंय," बाई म्हणाल्या. "पर आता तुमचं भांडण माझ्याशी न्हाय. कौसल्याशी हाय. अन् ती माझ्यापरीस लई चिवट हाय."

कौसल्या दिवसभरात पहिल्यांदा हसली.

आप्पांनी त्या साली बोरीच्या शेतात पेरणी केली नाही. पाऊस पडायच्या आधी एका सकाळी त्यांनी कौसल्याला शेतात बोलावलं आणि बांधाबांधानं फिरवलं. खडक कुठं वर आलाय, पाणी कुठं साचतं, कुठल्या कोपऱ्याला शेणखत जास्त लागतं, सगळं दाखवलं. दाखवता दाखवता एका जागी थांबले आणि म्हणाले, "हितली माती लई गोड हाय." मग तिथंच वाकून हातानं ढेकळं फोडत राहिले. बाई आणि मी ओढ्यापलीकडं उभे होतो. मी पुढं जायला निघालो तर बाईंनी माझा सदरा धरला. "जाऊ नका. त्यांना देऊ द्या नीट."

कौसल्याकडं बैल नव्हते, पहिली पेरणी आप्पांच्याच बैलांनी झाली. तिनं संस्थेत नाव घातलं आणि आप्पांच्या शेतासाठी आपल्या बांधातून चारी काढू दिली. पाण्याच्या पाळीवरून ती आणि आप्पा पुढं अनेक वर्षं भांडले. पण दोघंही आधी बांधावर बसायचे.

पाणी पहिल्यांदा सोडलं त्या दिवशी शाळा लवकर सुटली. पाइपातून आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी आणि मग स्वच्छ धार. कौसल्याच्या पोरी त्यात उड्या मारायला लागल्या. बाई बांधावर होत्या. लहानपणानंतर त्यांनी त्या शेतात पाऊल टाकलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी चपला काढल्या, साडी घोट्याच्या वर धरली आणि तरातरा चिखलात शिरल्या. चार पावलांवर पाय सटकला आणि त्या धपकन बसल्या. आम्ही धावलो. आप्पा काठी पुढं करून म्हणाले, "धर शेवंता, ऊठ."

"ऱ्हाऊ द्या आप्पा," त्या म्हणाल्या. "लई वर्सांनी बसलेय हितं." आणि कमरेपर्यंत चिखलात बसून हसत राहिल्या. त्या हसण्यात मधेच काहीतरी वेगळं मिसळलं, तेव्हा आप्पा वळून उगीचच चारी नीट करायला लागले.

पुढं माझी बदली झाली. पत्रं पाठवायचा आळस दोघांनाही सारखाच. बाई निवृत्त झाल्याचं कुणाकडून तरी कळलं, आणि त्यांचे मिस्टर गेल्याचंही.

त्यानंतर काही वर्षांनी एका दुपारी उस्मानाबादच्या बसस्टँडवर मला तो डावा हात ओळखीचा वाटला. केस पूर्ण पांढरे, अंग थोडं उतरलेलं, खांद्याला कापडी पिशवी. मी हाक मारली. त्यांनी मला ओळखलं आणि तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधोमध, माझ्या पोरांची नावं, वर्ग आणि गणितातले गुण विचारून घेतले. मग म्हणाल्या, "माझी गाडी लागली. माकणीला चाललेय."

"माकणीला? तिथं कोण आहे तुमचं?"

"कुणी न्हाय. धरण भरलंय म्हणतात. एवढं मोठं पाणी म्या अजून पाह्यलं न्हाय, गुरुजी. म्हटलं, जाऊन बघून यावं."

"एकट्याच?"

"पाणी बघायला किती माणसं लागतात?"

मी त्यांना गाडीत बसवून दिलं. खिडकीशेजारच्या जागेवर एक तरुण बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. गाडी सुरू झाली, फलाटावरून मागं सरकून वळली, तेव्हा काचेतून मला दिसलं, बाईंनी त्या पोराला आपल्या मांडीवर घेतलं होतं, त्याच्या आईला खिडकीपासून जरा सरकायला लावलं होतं, आणि बोट बाहेर करून त्या दोघांना काहीतरी सांगत होत्या. सांगून होण्याआधीच हसायला लागल्या होत्या.